वशिला, ओळख आणि माणसं जोडणं

आजचा विषय तुमच्यातल्याच काही तरुणांनी सुचवला आहे. प्लेसमेंटच्या वर्गात त्यांना सांगतात की नेटवर्क वाढवा, आणि ते वाढवताना ऑथेंटिक राहा. ऐकायला छान वाटतं. पण तत्त्वज्ञानाचा विद्यार्थी या वाक्याशी थबकतो. ओळखी वाढाव्यात म्हणून मी खरा वागणार असेन, तर तो खरेपणा की खरेपणाचं सोंग? उद्या सोंगानं जास्त ओळखी मिळतात असं कळलं, तर मी काय करीन?

आधी आपली भाषा काय सांगते ते बघू. 'वशिला' हा शब्द आपण आवाज खाली आणून उच्चारतो. 'त्यानं आयुष्यभर माणसं जोडली' हे मात्र अभिमानानं सांगतो. दोन्हीकडे ओळखीच आहेत, आणि दोन्हीकडे त्या कामाला येतात. मग फरक कुठे पडतो?

इथे ॲरिस्टॉटल उपयोगी पडतो. नीतिशास्त्रावरच्या ग्रंथात त्यानं मैत्रीचे तीन प्रकार सांगितले: उपयोगाची, सुखाची आणि सद्गुणाची. उपयोगाची मैत्री म्हणजे पाप, असं तो म्हणत नाही. आपल्याकडचं उदाहरण घ्या. कापूस विकणारा शेतकरी आणि अडत्या यांचं नातं उपयोगाचंच असतं. तोल खरा असला, भाव उघड ठरला, चुकारा वेळेवर मिळाला, तर त्या नात्यात खोटं काहीच नाही. भांडण केव्हा होतं? एकाला वाटतं ही जिवाभावाची मैत्री आहे आणि दुसऱ्याच्या मनात फक्त हिशेब असतो, तेव्हा. म्हणजे उपयोग हा दोष नव्हे, वेषांतर हा दोष. नातं ज्या प्रकारचं आहे त्याच प्रकारचं म्हणून मांडणं, ही खरेपणाची पहिली अट.

आता दुसरी अट. त्यासाठी लांब जायला नको, वर्ध्यापर्यंत जाऊ. जमनालाल बजाज (१८८९–१९४२) मूळचे राजस्थानातले, वर्ध्याच्या शेठ बच्छराजांच्या घराण्यात दत्तक आलेले. व्यापारी माणूस, म्हणजे ओळखींवर जगणारा. १९२० च्या नागपूर काँग्रेसचे ते स्वागताध्यक्ष होते. त्याच सुमारास पक्षाची तिजोरी त्यांच्याकडे आली आणि शेवटपर्यंत राहिली. पुढे वर्ध्याची बजाजवाडी म्हणजे देशभरच्या पुढाऱ्यांचं उतरण्याचं ठिकाण झालं. आजच्या भाषेत याहून मोठं नेटवर्क कुणाचं असेल?

पण त्यांनी ओळखी कुठे कुठे पणाला लावल्या तेही बघा. १९०७ मध्ये, सतरा-अठरा वर्षांचे असताना, दागिने घालण्यावरून आजोबांशी खटका उडाला. तेव्हा या मुलानं इस्टेटीवरचा हक्क सोडत असल्याचं पत्र लिहून दिलं. पुढे समेट झाला, ती गोष्ट वेगळी. १९२१ मध्ये रायबहादूर ही पदवी सरकारला परत केली. व्यापाऱ्यानं सरकारची मर्जी सोडणं म्हणजे काय, हे व्यापाऱ्यालाच विचारा. आणि १९२८ मध्ये घराण्याचं वर्ध्याचं लक्ष्मीनारायण मंदिर तेव्हा अस्पृश्य मानलेल्या लोकांसाठी खुलं केलं. सनातनी मंडळींचा विरोध पत्करला, त्यात आपलीच माणसं होती.

याचा विश्वासाशी संबंध काय? साधं तर्कशास्त्र आहे. जे बोलायला काही खर्च येत नाही, त्या बोलण्यावरून माणसाबद्दल काहीच कळत नाही. 'मी मूल्यं मानतो' हे कुणीही म्हणेल. पण एखाद्यानं आपल्या म्हणण्याची किंमत मोजलेली दिसली, की समोरच्याला अंदाज बांधता येतो की हा उद्या माझ्या पैशाशी, माझ्या नावाशी कसा वागेल.

तुम्ही म्हणाल, सर, ते शेठ होते, त्यांना परवडलं. आम्हाला पहिली नोकरी मिळायची आहे! प्रश्न रास्त आहे. म्हणून धोंडो केशव कर्वे यांच्याकडे बघा. फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवणारा मास्तर. १८९३ मध्ये विधवेशी पुनर्विवाह केला आणि मुरूडच्या गावकऱ्यांनी बहिष्कार घातला. १८९६ मध्ये पुण्यात विधवांसाठी आश्रम काढला, त्याला पैसा जमवला तो लहान लहान वर्गण्यांनी. आणि एक गोष्ट लक्षात घ्या. स्वतः पुनर्विवाह केलेला असूनही, आश्रमाचं काम विधवांच्या शिक्षणाचं आहे, पुनर्विवाहाच्या प्रचाराचं नाही, ही रेघ त्यांनी उघडपणे आखली. मत लपवलं नाही, पण देणगी कशासाठी आहे त्याबद्दल देणाऱ्याला फसवलंही नाही. खरं असणं म्हणजे मनात येईल ते सगळीकडे बोलत सुटणं नव्हे, हे इथे कळतं. १९१६ मध्ये त्यांनी महिला विद्यापीठ काढलं आणि १९२० मध्ये मुंबईच्या सर विठ्ठलदास ठाकरसींनी त्याला पंधरा लाखांची देणगी देऊ केली. मास्तरांकडे इस्टेट नव्हती. वर्षानुवर्षं दिसलेलं काम होतं.

आणखी एक गोष्ट तुमच्या फायद्याची सांगतो. अमेरिकन समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७३ मध्ये दाखवलं की नोकरीची बातमी बऱ्याचदा जिवलग मित्राकडून येत नाही, तोंडओळखीच्या माणसाकडून येते. कारण उघड आहे. जिवलगाला जे ठाऊक ते बहुतेक आपल्यालाही ठाऊक असतं. तोंडओळखीचा माणूस दुसऱ्या वर्तुळात वावरतो. यातून निघतं काय? ओळख पातळ असली तरी चालते. उगाच 'दादा, दादा' करून ती दाट दाखवायची गरजच नाही!

तर करायचं काय? एखाद्याला पहिल्यांदा लिहाल, तेव्हा काम काय आहे ते सुरुवातीलाच सांगा. तब्येतीची चौकशी करून चौथ्या ओळीत बायोडाटा काढू नका. जे येत नाही ते येत नाही म्हणा. 'शुक्रवारी पाठवतो' म्हणालात तर शुक्रवारी पाठवा. कुणी मदत केली, तर पुढे काय झालं ते त्याला कळवा, काम झालं नसलं तरीही.

आता सुरुवातीचा पेच. खरेपणा साधन म्हणून वापरला की तो खरेपणा राहत नाही, हे मान्यच. पण खरं वागण्याचा परिणाम म्हणून माणसं जोडली जातात, त्यात विसंगती नाही. हेतू आणि परिणाम वेगळे. आपण कुठे आहोत हे तपासायला एक प्रश्न पुरे: ही ओळख तुटणार असं दिसलं, तर मी हेच बोलेन का? याचं उत्तर दुसऱ्या कुणाला द्यायचं नाही. स्वतःला द्यायचं, आणि म्हणूनच ते अवघड आहे.