दुसरी शिळा आणि दुसरा सर्व्हर

धारच्या भोजशाळा–कमाल मौला परिसरात १९०३ साली एक कोरीव शिळा उजेडात आली. धार संस्थानचे शिक्षणाधिकारी का. कृ. लेले यांनी तिच्यावरील लेखाकडे अभ्यासकांचे लक्ष वेधले. परमार राजा अर्जुनवर्मा याचा गुरू मदन याने रचलेली ‘पारिजातमंजरी’ ही चार अंकी नाटिका दोन शिळांवर कोरलेली होती. हाती आली ती पहिली शिळा. तिच्यावर पहिले दोनच अंक आहेत. दुसरी शिळा सापडलेली नाही आणि नाटिकेची अन्य प्रतही ज्ञात नाही. तेराव्या शतकातील या नाटिकेचा शेवट त्यामुळे आज कोणालाच वाचता येत नाही. दगड टिकाऊ असतो, पण टिकाऊपणाने दुसऱ्या प्रतीची उणीव भरून निघत नाही.

हे आज आठवण्याचे कारण म्हणजे आपले संग्रह. माळव्यातील मराठी बोलीचे शब्द, घराघरांतील मोडी पत्रे, जुन्या ग्रंथालयांच्या सूची हे सारे आता डेटाबेसमध्ये जाते, आणि तो डेटाबेस बहुधा विभागातल्या एकाच संगणकावर असतो. म्हणून ‘रेप्लिकेशन’ म्हणजे डेटाबेसची सतत अद्ययावत राहणारी दुसरी प्रत कशी उभी करावी, हे भाषेच्या माणसांनीही समजून घ्यायला हवे. उदाहरणासाठी लिनक्सवरील ‘पोस्टग्रेस्क्यूएल’ ही मुक्त प्रणाली घेऊ. मुख्य सर्व्हर धारला आणि प्रत देवासला आहे, असे समजू.

तत्त्व पेढीवरच्या हिशेबासारखे आहे. मुनीम व्यवहार आधी रोजकीर्दीत लिहितो, मग खतावणीत. पोस्टग्रेसही प्रत्येक बदल आधी एका नोंदवहीत लिहून ठेवते. तिला ‘वॉल’ म्हणतात. धारची ही रोजकीर्द देवासला जात राहते आणि तिथली खतावणी तिच्यावरून भरली जाते. लिहिण्याचा अधिकार मात्र एकाच ठिकाणी असावा. देवासात थोरली पाती आणि धाकटी पाती अशी दोन संस्थाने एकाच गावात नांदली, पण प्रत्येकीचा कारभार वेगळा होता. दोन सर्व्हरांना एकाच नोंदीवर समान अधिकार दिला, तर कोणाची दुरुस्ती खरी हा तंटा उभा राहतो. छोट्या संग्रहाने त्या वाटेला जाऊ नये.

आता बसवण्याकडे वळू. डेबियन किंवा उबुंटूवर पोस्टग्रेस आपली माहिती ‘व्हार’खालील ‘लिब’ या फोल्डरात ठेवते, तर मांडणीच्या फायली ‘ईटीसी’मध्ये. पत्रांची छायाचित्रेही साठवायची असतील, तर मूळ डिस्क लवकर भरते. मग माहिती वेगळ्या मोठ्या डिस्कवर, आपण ठरवलेल्या पथावर न्यावी लागते. नवशिक्याची वाट बहुधा इथेच अडते. चार गोष्टी पाहाव्यात.

पहिली मालकी. नव्या फोल्डराचा मालक ‘पोस्टग्रेस’ हाच वापरकर्ता असावा आणि परवानगी ०७०० किंवा ०७५० असावी. त्याहून सैल परवानगी असेल, तर सर्व्हर सुरू होण्यासच नकार देतो.

दुसरी सेवा. रेड हॅटच्या परिवारात माहितीचा पथ सिस्टिमडीच्या सेवा-फायलीत लिहिलेला असतो. मूळ फाईल बदलू नये, कारण पुढच्या अद्ययावतीकरणात तो बदल पुसला जातो. ‘सिस्टिमसीटीएल एडिट’ वापरून जोडफाईल करावी.

तिसरी पहारा. त्याच परिवारातील ‘एसईलिनक्स’ अनोळखी पथावरील फायलींना हात लावू देत नाही. वैतागून पहाराच बंद करणे चूक आहे. ‘सेमॅनेज’ने नव्या पथाला योग्य खूण द्यावी आणि ‘रिस्टोरकॉन’ने ती लागू करावी.

चौथी हत्यारांचा पत्ता. साधने ‘ऑप्ट’सारख्या वेगळ्या फोल्डरात बसवली असतील, तर नुसत्या नावाने ती सापडत नाहीत. रात्री आपोआप चालणाऱ्या ‘क्रॉन’च्या कामांना तर फार थोडे पथ ठाऊक असतात. म्हणून तिथे आज्ञेचा पूर्ण पथ लिहावा.

यानंतर धारच्या सर्व्हरवर प्रतीसाठी स्वतंत्र वापरकर्ता करून ‘पीजी_एचबीए’ फाईलमध्ये देवासच्या पत्त्याला परवानगी द्यायची. देवासला ‘पीजी_बेसबॅकअप’ ही आज्ञा ‘आर’ पर्यायासह चालवली, की पूर्ण नक्कल येते आणि ‘स्टँडबाय’ची खूण व मुख्य सर्व्हरचा पत्ता आपोआप नोंदला जातो. धारला काही तक्ते निराळ्या ‘टेबलस्पेस’मध्ये असतील, तर देवासलाही तोच पथ असावा किंवा आज्ञेतच नवा पथ जुळवून द्यावा.

मराठीच्या दृष्टीने एक सूचना फार महत्त्वाची आहे. अकारविल्हे क्रम पोस्टग्रेस बहुधा लिनक्सच्या ‘जीलिबसी’ या संग्रहातून घेते. २०१८ मध्ये त्याच्या २.२८ या आवृत्तीत क्रमाचे नियम मोठ्या प्रमाणावर बदलले. धारला जुनी आवृत्ती आणि देवासला नवी असेल, तर तयार अनुक्रमणिका एका नियमाने लावलेली आणि शोध दुसऱ्या नियमाने, असे होते. शब्द तक्त्यात असतो, पण शोधल्यावर सापडत नाही. आणि चूक झाल्याचा संदेशही येत नाही. म्हणून दोन्हीकडे लिनक्सची आवृत्ती एकच ठेवावी.

शेवटी, प्रत म्हणजे बॅकअप नव्हे. धारला चुकून पुसलेली नोंद क्षणार्धात देवासलाही पुसली जाते. ३१ जानेवारी २०१७ रोजी गिटलॅब या कंपनीत बिघडलेले रेप्लिकेशन दुरुस्त करताना एका अभियंत्याने प्रतीचा फोल्डर समजून मुख्य सर्व्हरचाच फोल्डर पुसला. सुमारे ३०० जीबी माहिती गेली. नेहमीचे बॅकअप चालतच नव्हते, हे तेव्हा कळले. सुमारे सहा तासांपूर्वी हाताने घेतलेल्या एका नकलेमुळे बाकीचे वाचले. मधल्या सहा तासांच्या नोंदी मात्र परत आल्या नाहीत.

त्यावरून आपले नियम सोपे आहेत. आज्ञा देण्यापूर्वी पडद्यावर सर्व्हरचे नाव दिसलेच पाहिजे. ‘पीजी_स्टॅट_रेप्लिकेशन’ पाहून प्रत मागे पडलेली नाही ना, हे दर आठवड्याला तपासावे. वेगळा बॅकअप तिसऱ्या जागी ठेवावा आणि महिन्यातून एकदा तो खरोखर उघडून एखादे पत्र वाचून पाहावे. वापरलेले सारे पथ कागदावर लिहून विभागाच्या कपाटात ठेवावेत, म्हणजे आपल्यानंतर येणाऱ्या अध्यापकाला दुसरी शिळा शोधत बसावे लागणार नाही.