भिंतीतलं मस्तक

'डूम २' या कॉम्प्युटर गेमच्या तिसाव्या लेव्हलमध्ये पाऊल टाकलं की एक आवाज येतो. घोगरा, लांबवलेला, कुठल्याच भाषेतला न वाटणारा. आमच्या कॉम्प्युटर क्लासमध्ये सर चहाला गेले की जी बैठक भरायची, तिथे एकाने छातीठोकपणे सांगितलं होतं की हा सैतानाचा मंत्र आहे. दुसऱ्याचं म्हणणं, साउंड कार्ड बिघडलंय. दोघंही चुकले होते, पण ते कळायला बरीच वर्षं जावी लागली.

त्याआधीचं थोडं सांगायला हवं. टेक्सासमधल्या 'आयडी सॉफ्टवेअर'ने १० डिसेंबर १९९३ रोजी पहिला 'डूम' सोडला. तीन भागांपैकी पहिला फुकट. वाटा, कॉपी करा, कुणाची हरकत नाही. पुढचे दोन हवे असतील तर पैसे मोजा. हा फुकटचा भाग मंगळाच्या फोबोस या चंद्रावर घडतो आणि त्याच्या शेवटी 'बॅरन ऑफ हेल' नावाचे दोन राक्षस अंगावर येतात. दोघांना लोळवलं की भिंती खाली सरकतात, पुढे टेलिपोर्टर दिसतो, आपण खुशीत त्यावर चढतो आणि एका अंधाऱ्या खोलीत पोचतो. तिथून सुटका नाही. मरायचंच. जिंकल्याबद्दल मरण, आणि पुढे काय झालं ते हवं असेल तर खिशात हात घाला! कीर्तनकार ऐन रंगात आलेली कथा थांबवून आरतीचं ताट फिरवतात, त्यातलाच प्रकार.

दुसऱ्या भागाचा शेवट म्हणजे 'टॉवर ऑफ बॅबेल'. लेव्हल संपल्यावर जो नकाशा दिसतो, त्यात हा मनोरा दर वेळी थोडाथोडा वर चढलेला असतो. म्हणजे आपण लढत असताना तिकडे कुणीतरी बांधकाम करतंय. प्रत्यक्ष आत गेल्यावर भिंतींवर फाडून टांगलेले बॅरन दिसतात. ज्यांनी पहिल्या भागात आपल्याला घाम फोडला, त्यांची ही गत करणारा कोण, हा प्रश्न मनात येतो न येतो तोच पावलांचा आवाज ऐकू येतो. एक पाय खुराचा, दुसरा लोखंडी यंत्राचा. या भागाचा बॉस, सायबरडेमन, अजून दिसलेला नसतो, पण तो भिंतीपलीकडे फेऱ्या मारतोय हे कानाला कळतं. चार हजार एवढी त्याची ताकद, बॅरनच्या चौपट. रॉकेट शेजारी फुटलं तर त्याला काही होत नाही, थेट अंगावर बसलं तरच लागतं. आणि पडद्यावर त्याची ताकद दाखवणारी पट्टी नाही. अर्धा मेला की अजून सुरुवातच आहे, काही पत्ता लागत नाही. त्या न कळण्यातच निम्मी भीती होती, असं मला अजून वाटतं.

सायबरडेमन मुळात मातीची बाहुली. एड्रियन कारमॅकने ती घडवली, मग वेगवेगळ्या बाजूंनी तिची चित्रं टिपून कॉम्प्युटरमध्ये घेतली. गणेशोत्सवाआधी मूर्तिकाराच्या कारखान्यात डोकावलेल्या माणसाला हे लगेच समजेल. ठसा मातीचा, म्हणून त्या राक्षसाला वजन आहे.

तिसऱ्या भागाच्या शेवटी नरकातलं 'डिस' येतं. नाव दान्तेच्या नरकातल्या नगराचं, बॉस म्हणजे यांत्रिक पायांवरचा कोळीरूपी मेंदू. दिसायला भयंकर, पण बीएफजी ही बंदूक घेऊन अगदी जवळ भिडलात तर एक-दोन झटक्यांत आटोपतो. त्याच्याबद्दल याहून जास्त लिहावंसं वाटत नाही.

मग १९९४ च्या शरदात 'डूम २' आला आणि शेवटी ही तिसावी लेव्हल, 'आयकॉन ऑफ सिन'. ती रचली सँडी पीटरसनने. राक्षसांच्या एवढ्या नगरी उभारणारा हा गृहस्थ स्वतः श्रद्धाळू मॉर्मन. या लेव्हलमधला बॉस हलत नाही. तो भिंत आहे. अख्ख्या भिंतीवर शिंगांच्या बोकडाचं मस्तक, कपाळ फुटलेलं आणि मेंदू उघडा. त्या भोकातून दर चारेक सेकंदांनी एक ठोकळा उडतो, मैदानात कुठेतरी पडतो आणि त्यातून राक्षस निघतो. कुठला निघेल ते नशीब. ठोकळा पडायच्या जागी आपण उभे असलो, तर आपलाच चेंदामेंदा. मारत राहून काही साधत नाही, कारण माल संपत नाही.

उपाय एकच, त्या भोकात रॉकेट घालायचं. पण मूळ 'डूम'मध्ये मान वर करून बघायची सोयच नव्हती. राक्षस उंचावर असला तर गोळी आपोआप वर वळायची. भिंतीआड लपलेल्यासाठी मात्र ती वळत नाही. म्हणून मैदानात एक खांब ठेवलाय. तो खाली आणायचा, वर चढायचं आणि तो आपल्याला उचलत नेताना भोक नेमकं समोर येईल त्या क्षणी चाप ओढायचा. लवकर ओढला तर रॉकेट कपाळावर फुटतं, उशीर झाला तर वरून जातं. पाठीमागे तोवर डझनभर राक्षस जमलेले. आमच्यापैकी एकजण तो क्षण ओठ हलवत आकडे मोजून साधायचा, आणि त्याचा नेम सहसा चुकायचा नाही.

आता त्या आवाजाबद्दल. चीट वापरून भिंतीतून आरपार गेलात, तर मस्तकाच्या आत एक छोटी खोली लागते. तिथे खुंटाला खोचलेलं माणसाचं मुंडकं आहे, लांब केसांचं. ते जॉन रोमेरोचं, म्हणजे खेळ बनवणाऱ्यांपैकीच एकाचं. सहकारी चित्रकारांनी त्याला न सांगता ते आत लपवलं होतं. त्याच्या नजरेला पडल्यावर तो चिडला नाही. संगीतकार बॉबी प्रिन्सला हाताशी धरून त्याने स्वतःच्या आवाजात एक वाक्य ध्वनिमुद्रित केलं आणि उलटं करून त्याच लेव्हलमध्ये बसवलं. सुलटं केलं तर त्याचा अर्थ असा की खेळ जिंकायचा असेल तर मला, जॉन रोमेरोला, मारावं लागेल. सैतानाचा मंत्र म्हणून आम्ही ज्याला टरकलो, ती ऑफिसातली थट्टा होती. आपलं रॉकेट लागतं तेही बोकडाला नाही, आतल्या मुंडक्याला.

रोमेरो १९९६ मध्ये कंपनीतून बाहेर पडला. पुढच्या वर्षाअखेरीस 'डूम'चा सोर्स कोड खुला झाला आणि लोकांनी तो दिसेल त्या यंत्रावर चालवला. २०१६ च्या जानेवारीत रोमेरोने फोबोसच्या त्या दोन बॅरनांची लेव्हल आपल्या पद्धतीने नव्याने बांधून वाटली. त्याच वर्षी मे महिन्यात नवा 'डूम' आला. त्यात सायबरडेमन परतला, पण आता पडद्यावर त्याच्या नावाची, ताकदीची पट्टी झळकते. लढाई देखणी आहे. पावलांवरून अंदाज बांधायची गरज मात्र उरलेली नाही.

२० मार्च २०२० ला 'डूम इटर्नल' आला. चारच दिवसांनी देशभर टाळेबंदी जाहीर झाली, आणि खूप जणांनी तो त्या बंद दारांआड संपवला, मीही त्यातलाच. इथे 'आयकॉन ऑफ सिन' भिंतीतून बाहेर आलाय. इमारतींएवढा उंच, चिलखत घातलेला, शहर तुडवणारा. आधी चिलखताचे तुकडे उडवायचे, मग खालचं मांस, आणि खाली राक्षसांची आवक जुन्यासारखीच सुरू. त्याला आता पूर्वकथाही आहे, तो एका फितुराचा मुलगा. शेवटी तलवार जाते ती मात्र डोक्यातच. एवढं सगळं असून मला तो त्या भिंतीएवढा भयानक वाटला नाही. मोठ्या प्राण्याला बगल देऊन पळता येतं.

संपवल्यावर त्याच आठवड्यात जुना 'डूम २' काढला, नव्या कॉम्प्युटरसाठी सुधारलेला. तिसावी लेव्हल, तोच आवाज. माउस वर सरकवला आणि नजर चक्क वर गेली. समोर भोक. खांबाची गरजच नव्हती. मी रॉकेट मारलं नाही. सेटिंगमध्ये गेलो, वर बघायची सोय बंद केली आणि आकडे मोजायला लागलो. पहिली दोन रॉकेटं वरून गेली.