गंधकी खनिजांची नामकथा : दगाबाजीचा आरोप

हिंगुळाची हकीकत या आठवड्यात सांगण्याचे मी कबूल केले होते. परंतु माक्षिकांवरील लेखांक वाचून एका वाचकाने विचारले आहे की, पिवळ्या चकाकीचे माक्षिक पाहून लोकांनी सोन्याच्या आशेने फसावे हे ठीकच, पण ज्याच्या नावातच दगाबाजीची नोंद झाली ते जस्ताचे गंधकी खनिज स्फॅलेराइट कोणाला फसवीत होते? प्रश्न माझ्या आवडीच्या आडवाटेवरचा असल्यामुळे हिंगुळाला आठवडाभर थांबावे लागेल.

ग्रीक भाषेत ‘स्फालेरोस’ म्हणजे दगा देणारा. हे नाव ग्लॉकर या जर्मन खनिजशास्त्रज्ञाने १८४७ मध्ये दिले, पण फिर्याद त्याहून पुष्कळ जुनी. जर्मन खाणकामगार या दगडाला ‘ब्लेंड’ म्हणत, आणि त्या शब्दामागील क्रियापदाचा अर्थ डोळे दिपविणे, भुरळ घालणे असा आहे. पाठ्यपुस्तके याचा खुलासा एका वाक्यात करतात : काळसर स्फॅलेराइट शिशाच्या गॅलेनासारखे दिसे, दोन्ही खनिजे बहुधा एकाच शिरेत सापडत, आणि शिसे मिळेल म्हणून वितळवू जावे तर शिसे निघत नसे.

हा खुलासा खोटा नाही, पण मला तो अपुरा वाटतो. गॅलेना पाण्याच्या साडेसातपट जड, तर स्फॅलेराइट जेमतेम चौपट. गॅलेना फुटते ते काटकोनी ठोकळ्यांत, आणि खरखरीत चिनी मातीवर घासले तर त्याची रेघ शिशासारखी करडी उठते, तर स्फॅलेराइटची फिकट पिवळी किंवा तपकिरी. ज्याचे आयुष्य धोंडे उचलण्यात गेले, त्याच्या तळहाताला वजनातील एवढी तफावत कळत नसेल, हे मानणे मला जड जाते. माझ्या मते डोळ्यांहूनही मोठी फसवणूक झाली ती भट्टीत.

शुद्ध स्फॅलेराइटमध्ये वजनाने सुमारे ६७ टक्के जस्त असते. ते भाजून गंधक घालविला आणि उरलेल्या भस्मातून कोळशाच्या साहाय्याने धातू सोडविला, तर त्यास हजार अंशांच्या आसपास उष्णता लागते. आणि जस्त तर ९०७ अंशांवरच उकळते. म्हणजे धातू जन्मास येतो तोच वाफेच्या रूपाने, आणि हवेचा स्पर्श होताच जळून पुन्हा पांढरे भस्म होतो. शिसे भट्टीच्या तळाशी निमूटपणे जमावे, आणि येथे मात्र एवढे सरपण जाळूनही तळ कोरडाच राहावा! जर्मनीतील गोस्लारच्या भट्ट्यांत भिंतींच्या फटींमधून थोडे जस्त थिजलेले सापडे, ते तेवढेच.

ही वाफ पकडण्याची विद्या उदयपूरच्या दक्षिणेकडील जावर येथील कारागिरांनी युरोपच्या कित्येक शतके आधी साधली होती. वांग्याच्या आकाराच्या मातीच्या मुशीत भाजलेले खनिज व कोळसा भरून, मधोमध एक काडी खोवून, त्या मुशी नळीचे तोंड खाली करून एका भट्टीत छत्तीस अशा बसवीत. काडी जळून वाफेला वाट मोकळी होई, आणि वाफ वर न जाता खालच्या थंड भागात उतरून तेथे निथळे. ‘रसरत्नसमुच्चय’ या ग्रंथात जस्ताच्या अशाच अधोमुख ऊर्ध्वपातनाचे वर्णन आहे. वापरून टाकलेल्या मुशींचे ढीग जावरला इतके पडले की, गावकऱ्यांनी त्या रचून घरांच्या भिंती उभारल्या.

इंग्लंडात विल्यम चॅम्पियनने जस्ताच्या ऊर्ध्वपातनाचा एकाधिकार १७३८ मध्ये मिळविला, आणि त्याचा भाऊ जॉन याने १७५८ मध्ये गंधकी खनिजापासून जस्त काढण्याच्या रीतीचा. तेव्हा ग्लॉकरने हे नाव दिले त्या सुमारास आरोपी निर्दोष ठरून नव्वदएक वर्षे लोटली होती. तरी त्याने जुनीच फिर्याद ग्रीक पेहरावात पुन्हा दप्तरी दाखल केली, आणि तीच कायम झाली. हिंगूळ पुढील आठवड्यात, अर्थात मध्येच आणखी कोणी असा प्रश्न धाडला नाही तर.