देवसहायम्, संत

(२३ एप्रिल १७१२–१४ जानेवारी १७५२). त्रावणकोर संस्थानातील रोमन कॅथलिक हुतात्मे व संतपद लाभलेले पहिले भारतीय प्रापंचिक. मूळ नाव नीलकंठ पिळ्ळै. जन्म सध्याच्या तमिळनाडूतील कन्याकुमारी जिल्ह्यात नट्टालम येथे, एका हिंदू नायर कुटुंबात. त्रावणकोरचा राजा मार्तंडवर्मा (कार. १७२९–५८) याच्या सेवेत ते अधिकारी होते.

१७४१ मध्ये कोलाचेलच्या लढाईत त्रावणकोरने डचांचा पराभव केला. त्या वेळी कैद झालेला यूस्टेशियस द लानॉय हा डच कंपनीचा अधिकारी पुढे राजाच्या सेवेत राहिला आणि त्याने संस्थानच्या सैन्याची पुनर्रचना केली. तो कॅथलिक होता. त्याच्या सहवासात नीलकंठांना ख्रिस्ती धर्माचा परिचय झाला. कौटुंबिक आपत्तींनी ते खचले असता द लानॉयने त्यांना सर्वस्व गमावूनही ईश्वरनिष्ठा न सोडणाऱ्या ईयोबाची बायबलमधील कथा सांगितली, अशी परंपरा आहे. १७४५ मध्ये वडक्कनकुळम येथे जेझुइट धर्मगुरूकडून त्यांनी बाप्तिस्मा घेतला. देवसहायम् हे लाझरस या बायबलमधील नावाचे तमिळ रूप असून ‘देवाचे साहाय्य लाभलेला’ असा त्याचा अर्थ होतो. त्यांची पत्नी भार्गवी हिनेही पुढे बाप्तिस्मा घेतला.

यूरोपीय भाषांत हुतात्मा या अर्थी रूढ असलेला शब्द ‘साक्षीदार’ या अर्थाच्या ग्रीक शब्दापासून आला आहे. श्रद्धेची साक्ष प्रथम आचरणाने व प्रसंगी प्राण देऊन द्यावी, अशी त्यामागील धारणा आहे. देवसहायम् यांच्या बाबतीत हे आचरण मुख्यतः जातिभेदाशी संबंधित होते. सर्व माणसे समान आहेत, असे ते उघडपणे सांगत; त्यामुळे उच्चवर्णीयांचा रोष ओढवला, असे चर्चचे वृत्तांत सांगतात. १७४९ मध्ये त्यांना अटक झाली. सुमारे तीन वर्षे बंदिवास व छळ सोसल्यानंतर अरल्वाइमोळी जवळच्या काट्टाडिमलै येथे त्यांना गोळ्या घालून ठार करण्यात आले. त्यांचे अवशेष नागरकोविलमधील कोट्टार येथील सेंट झेव्हिअर चर्चमध्ये पुरण्यात आले.

या शिक्षेच्या कारणाबाबत मतभेद आहेत. द लानॉय कॅथलिक राहूनही राजाच्या विश्वासात होता. त्यामुळे केवळ धर्मांतरासाठी देहदंड झाला नसावा, असे काही अभ्यासकांचे म्हणणे आहे. उलट, १७५६ मध्ये कोचीनच्या बिशपांनी रोमला पाठविलेल्या वृत्तांतात हा मृत्यू श्रद्धेसाठी झाल्याचे नमूद आहे. दरबारी अधिकाऱ्याने जातीची बंधने झुगारणे हे त्या काळी केवळ खाजगी श्रद्धेचे प्रकरण राहू शकत नव्हते, हे लक्षात घेतल्यास या वादाचे स्वरूप स्पष्ट होते.

२ डिसेंबर २०१२ रोजी नागरकोविल येथे त्यांना ‘धन्य’ घोषित करण्यात आले. १५ मे २०२२ रोजी पोप फ्रान्सिस यांनी रोम येथे त्यांना संतपद दिले. यापूर्वी वसईचे गोन्सालो गार्सिया यांना १८६२ मध्ये संतपद लाभले होते. तथापि ते फ्रान्सिस्कन संघाचे व्रतस्थ बंधू होते. संतपदाच्या घोषणेत ‘पिळ्ळै’ ही जातिवाचक उपाधी गाळून देवसहायम् एवढेच नाव ठेवण्यात आले.