पुढे कोण येतं आणि पुढे कोण नेतं?

डोंबिवलीच्या श्री गणेश मंदिर संस्थानने १९९९ मध्ये गुढीपाडव्याची स्वागतयात्रा सुरू केली. पुढे ठाणे, कल्याणसह राज्यभर अशा यात्रा निघू लागल्या. चित्ररथ, ढोल-ताशा, लेझीम यांचा मेळ घालणाऱ्या प्रमुखाच्या हाती स्वयंसेवकांचा पगार नसतो की बढती नसते. त्यांनी त्याचं ऐकावं, यासाठी त्याच्याकडे काय असावं लागतं?

मानसशास्त्रज्ञ टिमोथी जज आणि सहकाऱ्यांनी २००२ मध्ये स्वभाव आणि नेतृत्वाच्या नात्यावरचे अनेक अभ्यास एकत्र तपासले. त्यांनी दोन प्रश्न वेगळे केले: गटात नेता म्हणून पुढे कोण येतं, आणि आल्यावर काम कोण नीट करतं? बहिर्मुखतेचा पुढे येण्याशी सहसंबंध ०.३३ निघाला, परिणामकारक नेतृत्वाशी ०.२४. मनमिळाऊपणाचं उलट झालं. पुढे येण्यासाठी तो जवळपास निरुपयोगी (०.०५), काम तडीस नेताना मात्र उपयोगी (०.२१). हे दोन धरून मानसशास्त्रात मोजले जाणारे पाचही मुख्य स्वभावगुण एकत्र घेतले तरी नेतृत्वातल्या फरकाचा साधारण पाव भागच उलगडतो.

बुद्धीचा संबंधही माफकच आहे. जज यांच्याच २००४ च्या विश्लेषणात तो ०.२७ आला. जॉन अँटोनाकिस आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये ३७९ व्यवस्थापक अभ्यासले. साधारण १२० बुद्ध्यंकापर्यंत सहकाऱ्यांच्या नजरेत नेतृत्व उंचावत गेलं, त्यापुढे उतरू लागलं. फार पुढचा विचार करणाऱ्याचं म्हणणं गटाच्या गळी उतरत नसावं, असं एक स्पष्टीकरण दिलं जातं.

अनुयायी कसे आहेत, यावरही बरंच ठरतं. ॲडम ग्रँट, फ्रान्सेस्का जिनो आणि डेव्हिड हॉफमन यांनी २०११ मध्ये अमेरिकेतल्या एका पिझ्झा साखळीची ५७ दुकानं अभ्यासली. कर्मचारी सांगकामे असतील, तिथे बहिर्मुख प्रमुखांच्या दुकानांचा नफा १६ टक्के जास्त होता. कर्मचारी स्वतःहून सूचना करणारे असतील, तिथे तोच १४ टक्के कमी होता.

उत्सवाच्या मंडळात पदरमोड करून राबणारे कार्यकर्ते या दुसऱ्या प्रकारचे असतात. सोसायटीच्या कमिटीपासून मंडळाच्या अध्यक्षापर्यंत निवड करताना आपण मात्र सभा गाजवणाऱ्याकडेच पाहतो. दिलेलं काम पूर्ण करणारा, कमी बोलणारा आणि इतरांची सूचना मनावर घेणारा माणूस मागच्या रांगेत बसलेला असतो. त्याचं नाव आपणच सुचवायला हवं, कारण तो स्वतःहून उभा राहण्याची शक्यता कमी.