कळलावी दारीं लावावी काय?

पावसाच्या पहिल्या सरी पडून गेल्या कीं सह्याद्रीच्या उतारांवर व कोंकणांतील गडग्यांच्या आश्रयानें कळलावीचे कोंवळे कोंब जमिनींतून वर येतात. श्रावण-भाद्रपदांत हीच वेल शेजारच्या झुडपावर पुरुषभर उंच चढते आणि तिला अग्नीच्या ज्वाळांसारखीं फुलें येतात. संस्कृतांतील ‘अग्निशिखा’ हें नांव तिला किती शोभतें, हें तीं पाहिल्यावांचून कळावयाचें नाहीं. कोंकणांत कित्येक ठिकाणीं या फुलांना ‘गौरीचे हात’ म्हणतात. प्राचीन तमिळ कवींनींहि स्त्रियांच्या बोटांना याच फुलाची उपमा दिली आहे. तामिळनाडूचें तें राज्यपुष्प आहे. विलायती लिलीचे कंद पैसे मोजून आणणाऱ्या आमच्या बागशौकिनांना मात्र या स्वदेशी लिलीची आठवण क्वचितच होते.

याचें एक कारण तिच्या नांवांत आहे. ही वेल दारीं लावली तर घरांत कळ लागते, सासवासुनांचें पटत नाहीं, अशी समजूत पुष्कळ घरांतून आढळते. वस्तुतः ‘कळ’ म्हणजे वेणाहि. प्रसूति लवकर व्हावी म्हणून हिच्या कंदाचा लेप लावण्याची जुनी चाल होती, तिच्याशीं या नांवाचा संबंध आहे. भांडणें वेलीमुळें होत असतीं, तर वेल नसलेल्या घरांत शांतता नांदावयास हवी होती!

समजूत खोटी असली तरी भय मात्र खोटें नाहीं. या वेलीच्या सर्वांगांत, विशेषतः कंदांत व बियांत, कोल्चिसीन नांवाचें तीव्र विष असतें. तेंच द्रव्य अल्प प्रमाणांत वैद्यकांत एका संधिवातावर देतात. परंतु कंद पोटांत गेल्यास प्रथम वांत्या व जुलाब होतात, पुढें प्राणावर बेततें, आणि वांचलेल्या रोग्याचे केसहि गळतात. कंद रताळें समजून शिजवून खाल्ल्यानें माणसें दगावलीं आहेत. यावर खात्रीचा उतारा नाहीं; म्हणून संशय येतांच घरगुती उपचारांत वेळ न दवडतां रुग्णालय गांठावें. प्रसूतीसाठीं तर ही मुळी कदापि वापरूं नये.

आतां लागवडीविषयीं. कंद नांगराच्या आकाराचा, दोन फांट्यांचा असतो. ‘लांगली’ हें नांव त्यावरूनच पडलें. कोंब फांट्यांच्या टोंकांवर फुटतात व तीं टोंकें फार ठिसूळ असतात, म्हणून कंद जपून हाताळावा. हातमोजे घालणें बरें. ज्येष्ठांत, पाण्याचा निचरा होणाऱ्या, वाळू व पालापाचोळ्याचें खत मिसळलेल्या मातींत तो तीन बोटें खोल आडवा ठेवावा. ही वेल पानांच्या टोंकांशीं असलेल्या ताणांनीं चढते. जाड खांब तिला धरतां येत नाहीं, म्हणून बारीक काटक्या अथवा तारेची जाळी द्यावी. मुळाशीं सावली व शेंड्याला ऊन असावें. कळी हिरवी व खालीं लोंबती असते. उमलतांना सहाहि पाकळ्या उलट वर वळतात, आणि पिवळा रंग दिवसागणिक तांबडा होत जातो. आश्विन-कार्तिकांत पानें पिवळीं पडूं लागलीं कीं पाणी बंद करावें, नाहींतर कंद कुजतो.

कंद रानांतून मात्र उपटून आणूं नयेत. औषधासाठीं होणाऱ्या खणतीनें कित्येक डोंगरांवरून ही वेल दिसेनाशी होत चालली आहे. तामिळनाडूंत बियांसाठीं हिची रीतसर शेती होते. आपणहि खात्रीच्या रोपवाटिकेंतून कंद घ्यावा, किंवा बिया पेराव्या. बियांचें कवच टणक असल्यानें त्या सावकाश रुजतात, आणि फुलासाठीं तीन-चार पावसाळे वाट पहावी लागते. पण घरांतील मुलांना धीर शिकविण्यास याहून चांगला धडा कोणता?

एकत्र कुटुंबांत एक गोष्ट विशेष पाळावी. हिंवाळ्यांत वेल सुकून जाते व कुंडी रिकामी दिसते. खरा धोका तेव्हांच. कोणीतरी भाजी लावण्यास ती उकरतें आणि कंद स्वयंपाकघरांत जाऊन पडतो. म्हणून कुंडीवर ‘विषारी कंद’ अशी ठळक पाटी असावी, व ती गोष्ट आजीपासून स्वयंपाकाच्या बाईंपर्यंत सर्वांस ठाऊक असावी. शेंगा तडकून आंतील लालभडक बिया दिसूं लागण्यापूर्वींच त्या काढून घ्याव्या, कारण मुलांचा हात प्रथम तेथेंच जातो. गुरांच्या वाटेवरहि ही वेल नसावी.

ज्या घरांत रांगतीं मुलें आहेत, त्यांनीं चार वर्षें थांबावें व तोंवर रानांत जाऊन तिचें दर्शन घ्यावें. इतरांनीं ती खुशाल लावावी. कलहाच्या भयानें जी वेल आम्ही दारापासून दूर ठेविली, ती नीट ओळखून लावली तर भाद्रपदांत गौरींच्या पुढें घरचींच फुलें ठेवतां येतील.