फासेपारध्यांची विद्या

संग्रामपूर तालुक्यात सोनाळ्याच्या पुढे सातपुड्याचे डोंगर लागतात आणि अंबाबरवा अभयारण्य सुरू होतं. १९९७ मध्ये घोषित झालेलं हे सुमारे १२७ चौरस किलोमीटरचं जंगल आता मेळघाट व्याघ्र प्रकल्पात मोडतं. व्याघ्रगणनेचे कॅमेरे लावताना जे प्रश्न पडतात, ते वऱ्हाडातल्या फासेपारध्यांनी पिढ्यान्‌पिढ्या सोडवले आहेत. जनावर कुठून येईल, पाऊल कुठे टाकेल, कशाला भुलेल?

फास दिसायला साधा. लांब दोरीला ओळीने बांधलेल्या सरकगाठी आणि दोरी धरून ठेवायला जमिनीत ठोकलेल्या खुंट्या. पूर्वी गाठी तातीच्या असत, पुढे नायलॉन आलं. काळविटासाठी ही दोरी कळपाच्या वाटेत आडवी लावायची आणि कळपाला हळूहळू तिकडे सरकवायचं. त्यासाठी शिकवलेली गाय किंवा बैल लागे. गाय चरत चरत पुढे जाई, पारधी तिच्या आडून चाले. हरणांना गुरांचं भय नसतं. पण माणसाने जरा घाई केली, की कळप उधळला. रसेल आणि हिरालाल यांनी मध्य प्रांतातल्या जाती-जमातींवरच्या १९१६ च्या ग्रंथात पारध्यांच्या शिकारीचं वर्णन केलं आहे.

तितराची पारध तर आणखी कसबाची. पिंजऱ्यातला पाळीव तितर ओरडला, की त्या हद्दीतला रानटी नर भांडायला धावून येतो आणि भोवतीच्या फासांत पाय देतो. इथे दाणा लागत नाही, नराचा हद्दीचा हट्ट हेच आमिष. जनावराचा स्वभाव इतका जवळून वाचणारी माणसं मला पुस्तकी अभ्यासकांच्या बरोबरीची वाटतात.

त्यांच्या वाट्याला मात्र १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा आला. तो १९५२ मध्ये गेला, शिक्का राहिला. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला लगाम घातला. ते योग्यच झालं. पण ज्यांचं पोट फासावर होतं त्यांना दुसरं काम देण्याची जबाबदारी कोणी नीट उचलली नाही. कारंजा लाडच्या ‘संवेदना’ संस्थेबरोबर फासेपारधी तणमोराच्या माळरानांच्या रक्षणात उतरले, तसं आणखी ठिकठिकाणी व्हायला हवं होतं.

सापळ्याचं क्रूर रूप मेळघाटाने सोसलं आहे. वाघाच्या वाटेवर पुरलेल्या लोखंडी खटक्याला आमिषाचीही गरज नसते. २०१३ मध्ये इथल्या वाघांच्या शिकारीची प्रकरणं उघडकीस आली.

बिबट्या पकडायच्या वनखात्याच्या पिंजऱ्यात आमिषाची बकरी वेगळ्या कप्प्यात सुरक्षित असते. बिबट्याचा पाय फळीवर पडला, की दार खाली येतं. पण पकडलं म्हणजे प्रश्न सुटला असं होत नाही. जुन्नर भागात बिबटे पकडून दुसरीकडे सोडले गेले. विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांच्या २०११ च्या शोधनिबंधानुसार त्यानंतर माणसांवरचे हल्ले वर्षाला सरासरी ४ वरून १७ वर गेले. जनावर उचललं, त्याची वाट आणि हद्द मात्र कोणी विचारात घेतली नाही.

कॅमेरा ट्रॅपला आमिष लागत नाही, जागेची पारख लागते. दर २ चौरस किलोमीटरच्या चौकटीत एक जोडी, वाटेच्या दोन्ही बाजूंना समोरासमोर. कारण वाघाच्या दोन कुशींवरचे पट्टे वेगळे असतात. ठसे कुठे दाट आहेत, झाडावर नखांचे ओरखडे कुठे आहेत, हे पाहूनच जागा ठरते. या कामावर पारधी तरुणांना पगारी नेमणुका मिळाव्यात, ही मागणी वनखात्याने मनावर घ्यावी.

आणि संग्रामपूरच्या शेतकरी बांधवांना एक विनंती. रानडुकरांसाठी धुऱ्यावर लावलेल्या क्लच वायरच्या फासात बिबट्याही अडकतो. असा फास कुठे दिसला, तर स्वतः जवळ जाऊ नका, वनखात्याच्या १९२६ या क्रमांकावर कळवा.